मुंग्या न लागलेली बाटली

१

बाटलीतलं सरबत गोड होतं, हे धाकटीने इन्स्पेक्टरला छातीवर हात ठेवून सांगितलं, आणि तिथेच ती अडकली.

"नक्की गोड होतं?"

"हो साहेब. मी स्वतः चाखलं. आमच्याकडे रीतच आहे तशी."

रीत होती खरी. सरबताचा कारखाना घराला लागून, मध्ये फक्त एक फरशीचा चौक. या घरात पाहुणा असो की पोर, सरबत देणाऱ्याने आधी एक थेंब तळहातावर घ्यायचा, चाखायचा आणि मगच पेला पुढे करायचा. लग्न होऊन आल्यावर धाकटीला पहिल्या दिवशी हेच शिकवलं गेलं. घरातली सगळी माणसं जिभेवर विश्वास ठेवायची, देवावरही ठेवत नसतील इतका.

"मग आता माझं ऐका," इन्स्पेक्टर म्हणाला. माणूस जाडजूड, बोलणं सावकाश. चौकीत त्याला 'डिंक' म्हणत, कारण एकदा चिकटला की सुटायचा नाही. "तुमचे मोठे दीर या दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर इतकी खाली होती की यंत्रावर आकडाच उमटेना. तुम्ही म्हणता, अर्धा पेला सरबत पाजलं. डॉक्टर म्हणतात, या माणसाच्या पोटात साखरेचा कणही गेलेला नाही. आता डॉक्टरांना खोटं बोलायचं काही कारण नाही."

धाकटीने वळून पाहिलं. मागच्या दारापलीकडे तिचे दीर, दादा, नळ्या लावून निपचित पडले होते. शिरेतून साखर दिली होती, आकडा वर आला होता, पण डोळे उघडत नव्हते. मेंदू बराच वेळ उपाशी राहिला, असं डॉक्टर म्हणाले होते. उठतील, नाहीतर उठणार नाहीत. दोन्ही त्यांनी एकाच सुरात सांगितलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"परत सांगा," डिंक म्हणाला. "काही गाळू नका."

तिने सांगितलं. दादांना मधुमेह, इन्शुलिन रोज स्वतः टोचून घेत. पायाच्या अंगठ्याला जखम, ती भरत नव्हती. साखर वहिनींनी, म्हणजे तिच्या थोरल्या जावेने, कपाटात कुलूपबंद केलेली. दादांचा चहासुद्धा त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या गोळ्यांचा, ज्यांत गोडी असते पण साखर नसते. सरबतावर उभं आयुष्य काढलेला माणूस त्या गोळ्यांना 'चित्रातली शेगडी' म्हणायचा. दिसते, पण ऊब नाही. फक्त एक बाटली त्यांच्या खोलीतल्या फडताळावर असायची, संत्र्याच्या दाट सरबताची. इन्शुलिनने कधी साखर फार उतरली, हातपाय थरथरले, घाम फुटला, की आधी त्यातलं सरबत पाजायचं आणि मग बाकीचं बोलायचं, असा डॉक्टरांचा हुकूम.

"वहिनी आठवडाभर बहिणीकडे होत्या. आज सकाळीच परतल्या. त्यांच्या हातचं जेवायचं म्हणून दादा सकाळपासून उपाशीच बसले होते. दुपारी मी खोलीत गेले तर थरथरत होते. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. मी बाटली घेतली, चाखली, पाजायला लागले. तर..."

"तर?"

"तोंड फिरवायला लागले. माझा हात ढकलला. स्वयंपाकघराकडे बोट करत होते. मला वाटलं, वहिनींना बोलवतायत. भ्रमात माणूस असं करतोच ना? मी हनुवटी धरून पाजलं, साहेब. बळेच पाजलं. आणि बरं वाटेल म्हणून वाट पाहत बसले. सोमवारी असेच थरथरले होते तेव्हा दोन घोटांत उठून बसले होते. याच बाटलीने."

डॉक्टर बाजूला उभे राहून ऐकत होते. "मागच्या महिन्यात त्यांची साखर काही केल्या खाली येईना म्हणून मीच इन्शुलिन वाढवलं," ते म्हणाले. "पण अर्धा पेला खरं सरबत पोटात गेलं असतं तर माणूस इथवर आलाच नसता."

"ती बाटली कुठे आहे?" डिंकाने विचारलं.

"तिथेच, फडताळावर."

"तिला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही पुढे व्हा, मी आलोच."

धाकटी घराकडे धावतच निघाली. चौक ओलांडून ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरली आणि उंबऱ्यातच थिजली. मोरीच्या नळाखाली तिचा नवरा उभा होता. बाह्या वर सारून, घासणीने, तीच बाटली आतून बाहेरून धूत होता.

२

"अहो, काय करताय हे?"

तो दचकला. बाटली हातातून निसटता निसटता राहिली. मग त्याने ती उपडी घातली, हात पुसले आणि तिच्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू कुणाला काही बोलायचं नाहीस. काहीच नाही. कळलं?"

इतक्या वर्षांत त्याने तिला असा आवाज कधी ऐकवला नव्हता. तिने मान हलवली. तिची मान आपोआप हलली म्हणा.

तिचा नवरा वाईट नव्हता. थोडा हट्टी, थोडा उतावळा. कारखान्यात बिनसाखरेचं सरबत काढायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं आणि त्यावरून दोघा भावांचं वर्षभर वाजत होतं. 'ज्यात साखर नाही त्याला सरबत म्हणायची लाज वाटते,' असं दादा म्हणायचे. 'तुमच्यासारख्यांनी कधी सरबत प्यायचंच नाही का?' असं तो म्हणायचा. मंगळवारी तो दौऱ्यावरून परतला तेव्हा त्याच्या पिशवीत त्याच सरबताच्या नमुन्याच्या बाटल्या होत्या. बुधवारी सकाळी तो दादांच्या खोलीतून बाहेर पडला तेव्हा त्याच्या कोटाखाली एक बाटली होती. धाकटीने ते पाहिलं होतं. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता मात्र तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि पाल एकदा चुकचुकायला लागली की झोप कसली येते!

डिंक आला. त्याने फडताळ पाहिलं, मोरीवर उपडी घातलेली चकचकीत बाटली पाहिली आणि विचारलं, "कुणी धुतली?"

नवऱ्याने धाकटीकडे पाहिलं. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या, रडून डोळे सुजलेले.

"तुम्हाला माहीत आहे?" त्याने थेट धाकटीला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. खोटं इतकं पटकन निघालं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

३

डिंकाने दादांच्याच खोलीत ठाण मांडलं आणि एकेकाला आत बोलावलं. त्याने कुणाकडचा चहा घेतला नाही. खिशातून एक पुडी काढली, त्यात साखरेचे चौकोनी तुकडे होते. "मीपण टोचून घेतो रोज," तो धाकटीला म्हणाला. "हे खिशात नसले की मला घराबाहेर पाय टाकवत नाही. म्हणून ही बाटली माझ्या मनाला जरा लागलीय."

कारखान्याचा केमिस्ट आला. किडकिडीत, चष्मेवाला, खुर्चीच्या टोकावर बसणारा. दादांनी त्याला या महिन्यात नारळ द्यायचं ठरवलं होतं, हे त्याने विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"साखर नसलेलं सरबत साखरेच्या सरबतासारखं दाट ओतलं जाईल?" डिंकाने विचारलं.

"नुसती गोडी पाण्यात घातली तर पाण्यासारखंच वाहील. पण मी त्यात दाटपणा आणणारं घालतो ना. रंग तोच, वास तोच, धार तीच." त्याला यात अभिमान वाटत होता आणि त्या अभिमानाचीच आता भीती वाटत होती. "नंतर जिभेवर जरासं काहीतरी रेंगाळतं. पण ते ओळखायला दादांची जीभ हवी. आपल्यासारख्यांना नाही कळायचं."

"आणि या बाईंना?"

"त्यांनाही नाही." तो घाईने म्हणाला. "पण साहेब, ते नमुने कुलपात नसतात. या घराच्या कोठीतसुद्धा एक खोकं आहे. कुणीही घेऊ शकतं."

मग नवरा आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. धाकटी चौकात उभी राहून कान देत होती. डिंकाचा संथ आवाज खिडकीतून येत होता.

"सोमवारी याच बाटलीतले दोन घोट पिऊन तुमचे भाऊ उठून बसले. आज, गुरुवारी, अर्धा पेला पाजूनही उठले नाहीत. म्हणजे सोमवारपर्यंत बाटलीत साखर होती आणि आज नव्हती. मधल्या दिवसांत कुणीतरी अदलाबदल केली. तुमच्या वहिनी तेव्हा घरात नव्हत्या. तुम्ही मंगळवारी आलात. पिशवी भरून आलात."

"मी काही केलं नाही."

"बुधवारी या खोलीत आला होतात?"

"आलो होतो. नमुना चाखा म्हटलं. त्यांनी थेंबभर चाखला आणि हसले. म्हणाले, याची मला सवय झालीय रे आता. चहाच्या गोळ्यांबद्दल म्हणत असतील. मी बाटली घेऊन बाहेर पडलो. बस्स."

"आणि ही बाटली का धुतलीत?"

नवरा गप्प झाला. धाकटी चौकातल्या दगडी ओट्यावर मटकन बसली. ज्या माणसाच्या शेजारी ती रोज डोळे मिटून झोपत होती, त्याने आपल्या सख्ख्या भावाला, आणि तेही तिच्या हातून... तिच्या हातून! ती चाखणार, तिची जीभ फसणार आणि ती बळेच पाजणार, हे त्याला माहीत होतं. रीत त्यालाही माहीत होती.

संध्याकाळी त्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे धरला. "घे, दमलीयस."

तिने पेला घेतला, त्याची पाठ वळल्यावर कुंडीत ओतला, आणि आपण हे काय केलं म्हणून स्वतःचाच हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंक परत आला. जमिनीवर बसला. पोलिसाने असं फतकल मारून बसलेलं धाकटीने कधी पाहिलं नव्हतं.

"इकडे या. काल पाजताना सांडलं होतं?"

"हो, दादांनी हात ढकलला तेव्हा. पुसायचं राहिलंच."

पलंगाच्या पायाशी नारिंगी डाग वाळला होता. डिंकाने त्यावर अनवाणी पाऊल ठेवलं आणि उचललं. "सरबताच्या कारखान्याच्या घरात हा डाग पायाला चिकटत नाही. चालेल?"

नाही चालत. साखरेचं सरबत वाळलं की चप्पल फरशीला धरून ठेवतं. हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्या लक्षात कसं आलं नाही?

डिंकाने खिशातला साखरेचा एक तुकडा डागाशेजारी ठेवला. मग दोघं नुसती बघत बसली. खिडकीच्या चौकटीतून एक मुंगी आली, डाग ओलांडून गेली, तुकड्यावर चढली. थोड्या वेळाने तिच्या मागून रांग लागली. रांग सरळ डागावरून गेली, पण एकही मुंगी त्यावर थांबली नाही. माणसाची जीभ फसली होती, मुंगी काही फसली नव्हती.

"आता बाटलीखालची बशी बघा. ही कशासाठी?"

"मुंग्या लागू नयेत म्हणून त्यात पाणी ठेवतो. बाटलीच्या तोंडाला ओघळ असतोच ना."

"बशी कोरडी आहे. पाण्याची पांढरी रेघ वाळून गेलीय. पाणी कधी आटलं असेल?"

धाकटी ओशाळली. "वहिनी गेल्या, त्यानंतर लगेचच. बशा भरायचं काम त्यांचं. माझ्याकडून राहिलं. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती, तिथल्या साखरेच्या डब्याखालची बशीपण आटली होती. त्या डब्याला तर शनिवारीच मुंग्या लागल्या. मुंग्यांना कुलूप कुठलं!"

"आणि या बाटलीला?"

"हिला नाही लागल्या." ती बोलून गेली आणि थांबली.

"शनिवारी तिकडे डब्याला मुंग्या, आणि इथे उघडी पडलेली बाटली, तोंडाला ओघळ, बशी कोरडी, तरी एक मुंगी नाही," डिंक म्हणाला. "म्हणजे शनिवारीच या बाटलीत साखर नव्हती."

शनिवारी! शनिवारी तिचा नवरा कुठेतरी दूरच्या गावी होता. तो मंगळवारी आला. त्याने अदलाबदल केली नव्हती. तिच्या जिवात जीव आला, छातीवरचा धोंडा उतरला, आणि त्या भरात डिंकाने पुढचा प्रश्न विचारला तेव्हा तिने विचार न करता उत्तर दिलं.

"आता स्वयंपाकघरातल्या बशा भरलेल्या दिसतात. कुणी भरल्या?"

"वहिनींनी. गुरुवारी सकाळी आल्या आल्या. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आधी सगळ्या बशा भरत फिरल्या. मला म्हणाल्यादेखील, एवढं एक काम झालं नाही तुझ्याच्याने?"

"सगळ्या भरल्या?"

"सगळ्या."

"ही सोडून."

धाकटीने फडताळाकडे पाहिलं. वहिनी त्या सकाळी या खोलीत आल्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या होता. दादांशी बोलल्या, चादर नीट केली, फडताळ पुसलं. आणि बशीत पाणी घातलं नाही. जिच्या हाताला इतक्या वर्षांची सवय, तिचा हात इथेच थांबला. इथे मुंग्या येणार नाहीत, हे त्या हाताला माहीत होतं.

"साहेब, वहिनी तसं..." तिला पुढे बोलवेना, कारण वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

५

"मीच बदललं," वहिनी म्हणाल्या. "बहिणीकडे जायच्या आदल्या दिवशी. कोठीतल्या खोक्यातली बाटली घेतली आणि यात ओतली."

धाकटीचा नवरा आवाज ऐकून धावत आला होता. तो भिंतीला टेकला. "वहिनी, तुम्ही? दादांना?"

"त्यांना वाचवायला!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की साखरेच्या तुकड्याकडे बघत बसलेला डिंकही उठून उभा राहिला. "अंगठा जाईल म्हणून डॉक्टर बजावतायत. मग पाऊल, मग पाय. मी घरातला साखरेचा कण न् कण कुलपात घातला. तरी साखर वाढतेच. का वाढते? एक दिवस त्यांची थरथर झाली, मी सरबत पाजलं, बरे झाले, झोपले. झोपेत मी बोट टोचून बघितलं. आकडा आभाळाला टेकलेला. दोन घोटांनी एवढा चढत नाही, साहेब. म्हणजे थरथरत होते तेव्हाही साखर चढलेलीच होती."

"नाटक," डिंक हळूच म्हणाला.

"नाटक! सरबतासाठी! एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा अंग थरथरवून दाखवायचा. मी नंतर आणखी दोनदा बघितलं. दर वेळी तेच. तोंडावर कसं म्हणू? चारचौघांत मान असलेला माणूस. मला वाटलं, बाटलीतली साखरच काढून घ्यावी. थरथरा म्हणावं हवं तेवढं. जिभेला गोडी मिळेल, पायाला इजा नाही. नाटकातल्या दुखण्याला नाटकातलं औषध."

डिंकाने खुर्ची ओढली आणि त्यांना बसवलं. स्वतःही बसला.

"सोमवारचं कोडं मला काल सुटत नव्हतं," तो म्हणाला. "बिनसाखरेच्या सरबताने माणूस बरा होतो कसा? आज मुंग्यांनी सांगितलं की बाटली तेव्हाही साखरेपुरती रिकामीच होती. मग एकच उत्तर उरलं. सोमवारी त्यांना काही झालंच नव्हतं. आणि गुरुवारी खरोखर झालं. लांडगा खरंच आला."

"पण का आला?" नवऱ्याने विचारलं. "इतकी वर्षं नाही आला तो."

"कारण डॉक्टरांनी इन्शुलिन वाढवलं ते त्या चोरून प्यायलेल्या साखरेवर वाढवलं. डॉक्टरांना ती साखर माहीत नव्हती. वहिनींनी साखर काढून घेतली, पण वाढवलेलं इन्शुलिन तसंच राहिलं, कारण वहिनींनीही कुणाला सांगितलं नाही. औषध मोठं, आणि ज्याच्यासाठी ते दिलं ती साखरच नाही. त्यात गुरुवारी ते उपाशी."

हे वहिनींना आत्ता कळत होतं. नवऱ्याचा पाय वाचवायला निघालेल्या बाईने त्याचा गळाच धरला होता, आणि तो कुठे धरला हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

"खरी साखर मी माझ्या उशाशी ठेवली होती," त्या पुटपुटल्या. "कधी खरंच झालं तर मी देईन म्हणून. माझ्याशिवाय कुणाला कळणार, खरं कोणतं न् खोटं कोणतं? बहिणीचा निरोप आला, दुसऱ्याच दिवशी निघावं लागलं. धाकटीला सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर त्यांची अब्रू गेली असती." मग त्या धाकटीकडे वळल्या. "गुरुवारी तू हाका मारत होतीस ना. मी गच्चीवर ऐकल्या. सगळ्या ऐकल्या. मला वाटलं, नेहमीचंच. मी चादर झटकली, चिमटे लावले आणि सावकाश खाली आले."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

"आणि तुम्ही?" डिंकाने शेवटी नवऱ्याला विचारलं. "बाटली का धुतलीत?"

त्याने धाकटीकडे पाहिलं. "वहिनी नसताना फडताळ हिच्याकडे होतं. मला वाटलं, बाटली संपली असेल आणि हिने चुकून कोठीतल्या खोक्यातलं भरलं असेल. दवाखान्यात डॉक्टर साखर नाही म्हणाले तेव्हाच माझ्या डोक्यात ते आलं. हिला कुणी खुनी म्हणू नये म्हणून धुतली. म्हणून म्हटलं, बोलू नकोस."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. तो तिला वाचवत होता, आणि ती त्याच्या हातचं पाणी कुंडीत ओतत होती. हे त्याला कधी सांगायचं की जन्मभर सांगायचंच नाही, हे तिला ठरवता येईना. तिला स्वतःचीच भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून होता. दादांनी डोळे उघडले होते.

६

दादा ओळखीचे वाटत नव्हते. बोलणं जड झालं होतं, उजवा हात उशीवर पडला होता तसाच पडून होता. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, किती ते सांगता येणार नाही. डिंक पलंगाशी बसला. वहिनी दाराबाहेरच थांबल्या, त्यांना आत पाऊल टाकवेना.

"एकच विचारतो," डिंक म्हणाला. "बाटलीत साखर नाही हे तुम्हाला कळलं होतं. होय ना? म्हणून तोंड फिरवत होतात. म्हणून स्वयंपाकघरातल्या साखरेच्या कपाटाकडे बोट करत होतात."

हनुवटी धरलेल्या धाकटीच्या बोटांना ते फिरवलेलं तोंड पुन्हा जाणवलं.

दादांनी मान हलवली. "पहिल्याच घोटाला कळलं. कितीतरी दिवस आधी."

"मग बोलला का नाहीत?"

दादांनी डोळे मिटले. "बोललो असतो तर आधीची थरथर खोटी होती हेही सांगावं लागलं असतं."

"मग सोमवारी कशाला थरथरलात?" नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं. "कळलं होतं ना साखर नाही ते?"

"एकदम थांबवलं असतं तर हिला कळलं असतं मला कळलंय म्हणून." ते क्षीण हसायला गेले, पण अर्धंच तोंड हसलं. "आणि गोड तरी होतं."

दारातून वहिनींचा हुंदका आला. दादांनी मान वळवली. "आत ये," ते म्हणाले. "तू नाही केलंस. दोघांनी मिळून केलं आपण."

डिंक उठला. धाकटीने भीत भीत विचारलं, "साहेब, आता वहिनींना..."

"जे झालं ते लिहीन," तो म्हणाला. "मारायचा हेतू नव्हता, हेही लिहीन. वरचे काय ते ठरवतील. पण मला नाही वाटत कुणी यांना उचलून नेईल." दारातून जाताना त्याने स्वतःचा खिसा चाचपला आणि जरा घाईनेच बाहेर पडला.

दादा घरी आले तेव्हा डॉक्टरांनी इन्शुलिन कमी केलं. खोलीत खरी साखर उघड्यावर ठेवायची आणि बोट टोचायचं यंत्र उशाशी ठेवायचं, असा नवा हुकूम निघाला. आधी टोचून बघा, खरं असेल तर साखर द्या, असं नवऱ्याने दोनदा समजावून सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं.

मग एका दुपारी दादांच्या खोलीतच सगळे जेवताना त्यांच्या डाव्या हातातला चमचा ताटावर टकटक वाजायला लागला. घास खाली पडला. कपाळावरचा घाम दुखण्याचा होता की उकाड्याचा, कळत नव्हतं. नवरा आणि धाकटी जागच्या जागी गोठले. एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण दोघांच्याही मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायची दोघांनाही लाज वाटत होती.

वहिनींनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या ताट ओलांडून गेल्या आणि त्यांनी मूठभर साखर दादांच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळाने चमचा वाजायचा थांबला.

"दादा, हे खरं होतं का?" नवऱ्याने शेवटी विचारलंच.

"विचारायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

दादांनीही सांगितलं नाही. ते खाली मान घालून साखर चघळत राहिले. वहिनींनी त्यांच्या ओठांवरचे कण बोटाने टिपले, त्यांच्या ताटात पुन्हा वाढलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. धाकटीने पाहिलं, वाढण्याचा चमचा अजून त्यांच्याच हातात होता आणि त्यांचा हात बराच वेळ थरथरत होता.